तिला सापडलेले दोन पास

तंबूतल्या सिनेमावाल्यांनी वाशीमच्या बाजारातून बँड लावून टांगा फिरवला, रंगीत हँडबिलं उधळली. ज्याच्या हँडबिलावर शिक्का असेल त्याला दोन पास, तेही जाहीर खेळाच्या आदल्या संध्याकाळचे. शिक्क्याचं हँडबिल उडत आमच्या ओट्यावर आलं. बायको तूर पाखडत होती, तिनं उचललं.

"काहो, यात मेलेलं माणूस घरी येते म्हंतात. मले पाह्यचं हाय, कसं येते ते."

त्याच उन्हाळ्यात आमचं लेकरू तापानं गेलं होतं.

"त्या खेळाले बायकायची सोय नाही," मी म्हणालो. खोटं होतं. माझे दुकानमालक तिथं येणार होते; ही चारचौघांत हंबरडा फोडेल, याची मला धास्ती होती. तिनं हँडबिल माझ्या हातात दिलं.

मी एकटाच गेलो. दुसऱ्या पासाच्या खुर्चीवर टोपी ठेवली. कनातीपलीकडून बांगड्यांचा आवाज, बायकांचं खिदळणं येत होतं. पडद्यावर मेलेली सून घरी आली, दार वाजवू लागली. मागून कोणी ओरडलं, "अबे, भूत कमी अन् पावडरच जास्त हाय!" तंबू हसला. घरच्यांनी आतून दार लावून घेतलं ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

घरी ती भाकरी झाकून बसली होती.

"आली का थे?"

"आली."

"मंग? घेतलं का घरच्यायनं तिले?"

"मशीनच बंद पडली मधात," मी म्हणालो, आणि हात धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी शेजारीण विहिरीवर सगळी गोष्ट सांगत बसली. तीही त्याच खेळाला गेली होती, कनातीपलीकडे. बायको घागर घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि चुलीशी गेली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्रीपासून ती दाराची कडी काढून झोपू लागली. ती झोपलीच आहे असं धरून मी उठायचो, कडी लावायचो. ती जागी असायची, हे मला माहीत होतं.

तिला दुसरं मूल झालं नाही. आता केस पिकले. गेल्या काही वर्षांपासून मी कडी लावायचं सोडलंय. दार नुसतं लोटून ठेवतो.

आता तीच उठते, आणि लावून घेते.