ड्रायव्हरच्या मागची जागा

आमच्या कोपरीच्या सोसायटीत तानाजी घागांना विचारल्याशिवाय कुणी गाडीची साधी बॅटरीसुद्धा बदलत नाही. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, त्यातली निम्मी वर्षं माजिवड्याच्या चित्राबाईंकडे. सहा फुटी माणूस, आवाज त्याहून मोठा. "आपल्या गाडीत बसलेल्याला कधी त्रास झालेला नाय," हे वाक्य मी शेजारी राहायला आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली त्यांच्या आधी मीच म्हणून टाकते.

चित्राबाईंचं नाव निघालं की मात्र घागकाका कडवट व्हायचे. शेजारी कामाच्या फायली पसरून बाई कायम त्यांच्या मागच्या सीटवर बसायच्या, त्याही तिरक्या, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून. "ड्रायव्हरची पाठ बघायलापण कमीपणा वाटायचा त्यांना," काका म्हणत. हे मनात इतकं बसलेलं, की बाई वारल्या तेव्हा ते बाराव्यालाही गेले नाहीत. मला ते मुळीच पटलं नव्हतं आणि मी तोंडावर सांगितलंही होतं. त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला.

यंदा काकांच्या बायकोच्या, विमलाकाकूंच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. एसटीची पायरी चढणं संपलं, आणि गुहागरला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. आईची भेट व्हायची तर घरची गाडी हवी, आणि तीही उंच, बसताना वाकायला न लावणारी. म्हणून एका रविवारी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मी काकूंना हात द्यायला.

पहिली एसयूव्ही बाहेरून ऐसपैस, पण सीट इतकी बुटकी की काकू बसल्या आणि गुडघे वर आले. दुसरी सात जणांची. तिच्या शेवटच्या ओळीत मी बसून पाहिलं, तर डोकं छताला लागलं आणि हनुवटी गुडघ्यांना. तिसरी पांढरी होती. ती बघताच काका खुलले. "बाईंची सेम हीच होती." ते पुढे बसले, खालचा दांडा ओढून सवयीप्रमाणे सीट पार मागे ढकलली आणि पाय लांब केले. "राणी आहे राणी. घेऊन टाकू."

"मागे बसून बघा ना," मी म्हटलं. "कधी बसलायत तरी का मागे?"

खरंच, कधीच नव्हते बसले. उतरून ते मागे गेले, स्वतःच्याच सीटच्या मागे. बसताक्षणी गुडघे पुढच्या सीटवर आदळले. त्यांनी मागे सरकून पाहिलं, पाय फाकवून पाहिले. शेवटी दोन्ही पाय डावीकडे आडवे टाकले आणि त्यांचं तोंड आपोआप पलीकडच्या खिडकीकडे झालं. ते तसेच राहिले. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई अशाच बसायच्या," ते म्हणाले. "अगदी अशाच."

पुढची सीट जरा पुढे घेतली की जागाच जागा होते, असं दुकानदार सांगू लागला. काकांनी हातानेच त्याला थांबवलं. "मग बोलल्या का नाय कधी? एका शब्दाने सांगायचं ना."

"मला बोललेल्या," काठी टेकून दाराशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

"मामंजींच्या दिवसकार्याला बाईंनी गावी जायला गाडी दिलेली ना, तेव्हा. गाडी भरलेली, मला तुमच्या मागचीच जागा उरलेली. निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पाय डावीकडे टाक, म्हणजे लागत नाही. त्याला सांगू नकोस. उंच माणूस आहे, सीट पुढे घेतली तर पाय आखडतील. लांबचं चालवायचंय त्याला."

"म्हणजे तू पण?"

"पार गावापर्यंत. तुम्हाला वाटलं मी रुसलेय."

मला धक्का बसला आणि मग रागही आला, तिघांचाही. इतकी वर्षं एकाच गाडीत बसून माणसं एवढंही बोलत नाहीत म्हणजे काय.

काका उतरून पुढे बसले आणि गुडघे स्टीअरिंगला टेकेपर्यंत सीट पुढे ओढली. मी काकूंना त्यांच्या मागे चढवलं.

"मावतायत पाय?"

"मावतायत. पण तुम्ही असे चालवणार कसे?"

"ही नको मग. दोघांचे मावतील अशी बघू," काका म्हणाले, पण उतरले नाहीत. स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "विमल, बाराव्याला जायला पाहिजे होतं गं."