चंपाबाईंनी मांडलेली श्रीमंती

चंपाबाईंच्या घरी कोणी आलं आणि चहा न घेता गेलं, असं मिलमागच्या चाळीत कोणाला आठवत नाही. घरात साखर असो-नसो, कप आधी विसळला जायचा. साखरेचं मागाहून बघू. सासरे महूच्या छावणीत फौजेत होते, त्यांचा ताठ बाणा सुनेनं जसाच्या तसा उचलला होता. बाई मोठ्या दिलाच्या, पण आपली अडचण चारचौघांत सांगायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मिलला कुलूप लागून दोन वर्षं होत आली होती, नवरा वाल्मिक राजवाड्यापाशी हातगाडीवर बनियन-मोजे विकत होता, तरी कोणी विचारलं की बाई खुशाल सांगायच्या, "मिलमध्ये आहेत." साऱ्या इंदूरच्या मिला बंद पडत होत्या, यांची तेवढी चालू!

अशा घरातली लेक पंचशीला बारावीला फर्स्ट क्लासमध्ये आली आणि तिला बीएससीला प्रवेश मिळाला. फी भरायची ती सरकारी छात्रवृत्तीतून, आणि छात्रवृत्तीला हवा उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तहसीलमधून पटवारी, म्हणजे तिकडचे तलाठी, घर बघायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं, की कॉलेज राहिलंच.

आता असा माणूस घरातली गरिबी बघायला येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. चंपाबाईंनी मात्र एवढंच ऐकलं, की साहेब घरी येणार. पोरगी कॉलेजात फॉर्म आणायला गेलेली, नवरा गाडीवर. अडवायला कोणी नव्हतं. बाईंनी पदर खोचला. शेजारच्या भानुमतीबाईंचा रंगीत टीव्ही आला, समोरच्या धम्मदीनाचा टेबलफॅन आला, कोणाची गादीची खुर्ची आली, कोणाचे सोनेरी काठाचे कप आले. सरकारी माणसासमोर लेकीची मान खाली जाऊ नये, एवढाच त्यांचा भाव. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तेवढी घरची होती.

पटवारीजी आले. पंख्याच्या वाऱ्यात, खुर्चीत रेलून, शेव पेरलेले पोहे आणि जिलबी खाता खाता खूश झाले.

"पती क्या करते हैं?"

"मिलमध्ये आहेत," बाई सवयीनं बोलून गेल्या.

पटवारीजींनी घरभर नजर फिरवली आणि कागद परत पिशवीत घातले. "बाईजी, टीव्ही है, पंखा है, नौकरी है. सब बढ़िया है. छात्रवृत्ती तो गरिबों के लिए होती है."

नेमकी त्याच वेळी पंचशीला दारात आली. तिनं टीव्ही पाहिला, पंखा पाहिला, मग आईकडे पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. चंपाबाई काय ते समजल्या. पोरीच्या पायावर आपणच धोंडा पाडला होता.

"साब," त्या म्हणाल्या. जन्मात कधी न उच्चारलेलं बोलायचं होतं. "साब, ये हमारा नहीं है. सगळं मागून आणलंय. मिल बंद आहे. आमच्याकडे काही नाही."

पटवारीजी हसले. "ऐसा तो सब बोलते हैं."

मग मात्र बाईंचं डोकं फिरलं. खोटं बोललं तर लगेच पटतं, आणि खरं बोललं तर विश्वास नाही? त्या तरातरा दारापुढच्या ओट्यावर गेल्या आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "ओ भिया! ओ बाई! ज्याचं त्याचं घेऊन जा, आत्ताच्या आत्ता!"

चाळ तयारच होती. सगळे दाराआड कान लावून बसले होते. भानुमतीबाईंनी मुलाला हाताशी घेऊन टीव्ही उचलला. धम्मदीनानं पंखा फिरत असतानाच प्लग ओढला. एक आजोबा आले, हात जोडून म्हणाले, "भिया, जरा उठता का?" आणि खुर्ची घेऊन गेले. कपांची मालकीण तर पटवारीजींचा शेवटचा घोट संपेपर्यंत समोर उभी राहिली.

दहा मिनिटांत घर झाडून पुसून रिकामं. पटवारीजी जमिनीवर मांडी घालून घाम पुसत बसले होते, हातात पोह्याची बशी. त्यांनी भीतभीत विचारलं, "और ये पोहे?"

"पोहे आमचे. ते निवांत खा," चंपाबाई म्हणाल्या. चाळ खो खो हसली. पंचशीला हसता हसता डोळे पुसत होती, आणि दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारख्या चंपाबाईही पोट धरून हसत होत्या.

पटवारीजींनी कागद पुन्हा बाहेर काढले. दाखला मिळाला, छात्रवृत्तीही लागली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चाळीत ही गोष्ट तेवढ्यासाठी सांगत नाहीत. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं वाचलं, "नौकरी, नहीं. खेती, नहीं. टीव्ही, नहीं. पंखा, नहीं. ठीक है?"

"ठीक नाही," चंपाबाई म्हणाल्या. "सगळं नाही-नाहीच लिहिलंत. आहे ते पण लिहा ना."

"क्या है?"

बाईंनी पंचशीलाला हाताला धरून पुढं केलं. "ही आहे. बारावी फर्स्ट क्लास. आता कॉलेजात जाणार."

"बाईजी, इसका कॉलम नहीं है."

"मग खाली लिहा. जागा आहे."

पटवारीजींनी बशी बाजूला ठेवली, बोटं रुमालाला पुसली, आणि सहीच्या वर, ठळक अक्षरांत, तेही लिहिलं.