शून्याचं टोक

कपाट आवरताना मोजपट्टी उलगडली, तर शून्याच्या टोकाला माशाचा खवला चिकटलेला. पीएचडीसाठी मी दर पावसाळ्यानंतर सुगंधाकाकूंच्या उंबऱ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचे. मासे साफ करता करता काकू उठायच्या आणि उंबऱ्यावर टोक धरायच्या.

"नीट लिही गो बाय, मग सरकार बंधारा बांधील."

मी मान डोलावायचे. अंतर घटत गेलं, माझा प्रबंध भरत गेला. मोजणाऱ्याला वाटतं, आपण नुसतं मोजतोय.

त्याच आकड्यांवरून परवा त्यांना नोटीस आली: जागा धोक्याची, घर खाली करा.

काकू भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "समुद्र घर नेणार, ता ठाऊक होता. पण त्यानं कधी मान डोलावली नव्हती."