डबल बेल

काही नावं आईबाप ठेवतात, काही नोकरी ठेवते, आणि नोकरीने ठेवलेलं नाव निवृत्तीनंतरही सुटत नाही. एक्सचेंजबाईंचं तसंच झालं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि घरी बसल्या तेव्हा त्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या पुस्तकात उरलं होतं. गल्लीत सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणत. घाईत असले की नुसतं बाई.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी तीन दारं सोडून राहणाऱ्या एक नर्सबाई गेल्या. एकट्याच राहायच्या. चार दिवस कोणाला पत्ता नाही. त्या चार दिवसांत बाई त्या दारावरून कितीदा तरी गेल्या होत्या, एकदा तर पिशवीचा हात बदलायला त्याच पायरीवर टेकल्या होत्या. हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी एकट्या राहणाऱ्या सहा म्हाताऱ्या माणसांचे नंबर एका वहीत उतरवले आणि रोज सकाळी सातला एकेकाला फोन करून 'आहात ना?' असं विचारायला सुरुवात केली.

सहाचे पंधरा झाले, पंधराचे तीस, आणि बाईंच्या नाकी नऊ आले. म्हातारी माणसं फोनवर आली की लवकर सोडत नाहीत. कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणाच्या सुनेचा गुडघा. सातला सुरू झालेली हजेरी साडेअकराला संपायची, आणि तोवर यादीतला शेवटचा माणूस वैतागून 'मी गेलो असं लिहून टाका' म्हणायचा.

यावर तोड काढली कंडक्टरने. यादीत सातव्या नंबरावर असलेला, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत राहणारा, बायको गेलेला, मुलगी लांबच्या शहरात असलेला हा माणूस. सारा जन्म बसमध्ये घंटीची दोरी ओढण्यात गेला होता.

"बाई, बोलायचं कशाला?" तो म्हणाला. "मी आणि ड्रायव्हर दिवस-दिवस एक शब्द बोलायचो नाही. सिंगल बेल, थांबा. डबल बेल, चला. तुम्ही फोन लावा, दोन रिंगा झाल्या की मी कट करतो. डबल बेल. गाडी पुढे."

बाईंना हे एकदम पटलं. नियम ठरला. दोन रिंगांवर फोन कापला म्हणजे माणूस खुशाल. उचलला म्हणजे काहीतरी बिघडलंय. वाजतच राहिला तर बाई शेजाऱ्यांना पळवणार. कोणी सातला आंघोळीला असलं, तर बाहेर आल्यावर त्याने बाईंना दोन रिंगा द्यायच्या आणि आपणच कापायचं. त्या मिस्ड कॉलला उलट फोन करायचा नाही, तो मिस्ड कॉल हीच हजेरी. एरवी अडलंनडलं तर केव्हाही फोन करा, मी उचलतेच, असं बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं. आणि त्या खरंच उचलायच्या. न्हाणीघरातसुद्धा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायच्या. त्यावरून घरात त्यांची भरपूर थट्टा व्हायची.

थट्टा करणारं माणूस एकच, त्यांच्या थोरल्या नणंदबाई. दोघींचे नवरे कधीच गेलेले, मुलंबाळं नाहीत, म्हणून दोघी एका छपराखाली. नणंदबाईंच्या तोंडाचा पट्टा सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचा. "माझा भाऊ होता तोवर त्याची एवढी विचारपूस केली नाहीस," असं त्या वहिनीला ऐकवायच्या, आणि त्याच वेळी वहीत खुणा करायला चष्मा पुसून तिच्या हातात द्यायच्या.

अशी अकरा वर्षं गेली. यादी एक्केचाळीसवर पोहोचली. त्या दोन रिंगांनी नऊ माणसं वाचवली. शिवणकाम करणाऱ्या आजी जिन्यात पडल्या होत्या, एका मास्तरांचं अर्धं अंग गेलं होतं. सगळी वेळेत दवाखान्यात पोहोचली. कोणीतरी वरपर्यंत कळवलं असणार, कारण एके दुपारी सरकारी शिक्क्याचा लिफाफा आला. समाजसेवेसाठी देशाचं पदक. राजधानीत या, सोबत एक माणूस आणता येईल.

बाई म्हणाल्या, जमायचं नाही. नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. कंडक्टर मात्र काठी टेकत घरी आला आणि समजूत घालून गेला. फोन काय, कुठूनही लागतो. सकाळी सातला तिकडून हजेरी घ्या, मग खुशाल पदक घ्या. निघायच्या दिवशी तो बसस्टँडवर हजर. त्याने दोघींची तिकिटं डोळ्यांजवळ धरून तपासली, खिडकीची जागा कोणाला यावर नणंदबाईंशी वाद घातला, आणि बस हलताना बाईंना म्हणाला, "पदक आधी मला दाखवायचं. बेल माझी आहे." बाई हसल्या. त्यांना त्या दिवशी फार हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत कोणीतरी आपल्याला पोहोचवायला आलंय, हेच त्यांना पुरलं होतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी सातला बाई पाहुण्यांच्या निवासात, पलंगाच्या कडेला वही घेऊन बसल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हजर. कंडक्टरने दुसऱ्या रिंगला नेहमीसारखा कट केला.

सभागृहाच्या दारात मात्र गाडी अडली. आत फोन न्यायचा नाही. टेबलामागचा माणूस प्रत्येकाचा फोन बंद न करता नुसता गप्प करून खाकी पाकिटात टाकत होता आणि हातावर बिल्ला ठेवत होता.

"किती वेळ लागेल हो?" बाईंनी विचारलं.

"अडीच तास धरा, ताई."

"दे की," नणंदबाई मागून म्हणाल्या. "हजेरी झालीय ना तुझी? अडीच तासांत काय आभाळ कोसळणार आहे?"

बाईंनी फोन दिला.

आत सगळं देखणं होतं. लाल गालिचा, रांगेत मांडलेल्या खुर्च्या, पाठीवर नावाच्या चिठ्ठ्या. बाईंचा नंबर आला तेव्हा निवेदकाने मोठ्याने वाचलं की या अकरा वर्षांत यांनी एकही सकाळ चुकवली नाही, यांच्याकडे आलेला एकही फोन वाया गेला नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. मागच्या रांगेत नणंदबाई पदराने नाक पुसत होत्या, आणि नंतर विचारलं तर सर्दी झालीय म्हणाल्या.

एक वाजता पाकीट परत मिळालं. चौतीस मिस्ड कॉल. बाई एकेक नाव वाचू लागल्या आणि कंडक्टरच्या नावाशी थबकून हसल्या. दहा त्रेपन्नपासून अकरा चाळीसपर्यंत सहा वेळा.

"बघा वन्सं, सहा वेळा डबल बेल. टीव्हीवर पाहिलेलं दिसतंय. हुरळून गेलाय म्हातारा."

"मग कर की फोन त्याला."

"मिस्ड कॉलला उलट फोन नाही. एकाला केला तर उद्या चाळीसजण रुसतील."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. मिस्ड कॉल दोन रिंगांचा होता की वीस, हे फोनवर कुठे लिहिलेलं नसतं. उभं आयुष्य टेलिफोनमध्ये काढलेल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण त्या सुखात होत्या, आणि सुखात माणसाला जे वाचायचं असतं तेच तो वाचतो. मग जेवण झालं, फोटो झाले, कोणा अधिकाऱ्याच्या बायकोने पदक हातात घेऊन किती जड आहे ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, परतीच्या बसमध्ये, सातव्या नंबराचा फोन वाजतच राहिला. बाईंनी तो पुन्हा लावला नाही. नियमाप्रमाणे थेट खालच्या औषधवाल्याला लावला. तो वर गेला, दार ठोठावलं, मग खांद्याने कडी तोडली. बाईंच्या कानाला फोन तसाच होता. त्यांना दार तुटल्याचा आवाज आला.

कंडक्टर मोरीच्या उंबऱ्याशी पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, फोन हाताशी. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी साडेदहा-अकराला पडले असणार. जीव गेला तो दुपारी तीनच्या सुमारास. बाईंनी ऐकलं आणि हिशेब केला. एक ते तीन. दोन तास. त्या दोन तासांत आपण काय काय केलं ते त्या क्रमाने आठवू लागल्या, आणि नणंदबाईंनी कितीही गप्प केलं तरी त्यांना थांबता येईना.

तिसऱ्या दिवशी दोघी कंडक्टरच्या मुलीला भेटायला गेल्या. जिना चढताना नणंदबाईंनी वहिनीचा दंड धरला.

"तू काही बोलू नकोस. गेलेला माणूस परत येणार नाही. तिला उगाच आणखी एक ओझं. आणि लोक तुला फाडून खातील."

बाई जिना चढत राहिल्या.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर मुलीचा शाळेतला फोटो. मुलगी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. वय चाळिशीचं, डोळे सुजलेले. तिने खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं, आणि बापाचा जुना बटणांचा फोन हातात घेतला.

"काकू, बाबांनी त्या दिवशी तुम्हाला सहा वेळा फोन केला होता. अभिनंदनाचे असतील ना?"

"हो गं, दुसरं काय," नणंदबाई घाईने म्हणाल्या. "फार कौतुक होतं त्यांना हिचं."

"नाही," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. नियम, पाकीट, बिल्ला, एक वाजता हसल्या तेसुद्धा. काही लपवलं नाही. नणंदबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुलगी ओरडेल, चालत्या व्हा म्हणेल, अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. मुलगी फोनकडेच बघत राहिली.

"सहा तुम्हाला," ती म्हणाली. "मला एकही नाही. मरताना माणूस आपल्या मुलीला एक फोन करत नाही?"

याची तयारी बाईंनी केली नव्हती.

"तसं नाही, बाळ. त्यांना दिसत कमी होतं, नंबर शोधता यायचा नाही. म्हणून मी सगळ्यांच्या फोनवर एकच बटण लावून दिलंय. दोनचा आकडा दाबून धरला की माझा नंबर लागतो. पडलेल्या माणसाला तेवढंच जमणार. तुझी आठवण नसेल झाली असं मनात आणू नकोस. त्यांच्या अंगठ्याखाली माझाच नंबर होता, आणि तो मीच ठेवला होता."

मुलीने ऐकलं. तिला ते खरं वाटलं की नाही कळेना. मग तिने दोनचा आकडा दाबून धरला.

बाईंच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. एक रिंग, दोन रिंगा. मुलीने कट केला नाही. तीन, चार, पाच. नणंदबाई वळून म्हणाल्या, "अगं, बंद करा ते." कोणी बंद केलं नाही. बाईंनी पर्स उघडली. पडद्यावर कंडक्टरचं नाव होतं. त्यांनी फोन उचलून कानाला लावला.

मुलगी दोन हातांच्या अंतरावर बसली होती, पण तीही फोनमध्येच बोलली.

"कुठे होतात तुम्ही?"

"आत होते," बाई म्हणाल्या. "टाळ्या वाजत होत्या."