पुलाच्या पायथ्याचा सिग्नल

त्या सिग्नलच्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी हातातला चहाचा कप खाली ठेवतो. खून, दरोडे, दंगली यांच्या मानाने गुन्हा किरकोळ होता. एका नाक्यावरच्या सिग्नलचा फ्यूज कोणीतरी वरचेवर काढून ठेवत होते, एवढेच. पण सगळ्या नोकरीत ज्या एका आरोपीला मी मनातून सलाम केला, तो या प्रकरणातला. नाव कोणाचेच घेत नाही. नाकाही सांगत नाही. लालबाग-परळच्या बाजूचा होता, इतके पुरे.

गिरणी संपाला बराच काळ लोटला होता. संप मिटला असे कोणी जाहीर केले नव्हते आणि चालू आहे असेही कोणी छातीठोकपणे म्हणत नव्हते. मी तेव्हा फौजदार होतो. आमच्या हद्दीत रेल्वेवरून जाणारा एक पूल होता आणि त्याच्या अगदी पायथ्याशी चार रस्ते एकत्र येत. आधी तिथे वाहतूक हवालदार दिवसभर शिट्टी फुंकायचा. मग सिग्नल बसला आणि सगळ्यांनी कौतुक केले. मीही केले. शाळेची मुले, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी, बसगाड्या, सगळे आपापल्या पाळीने सुटू लागले. हवालदार तर इतका खूश झाला की त्याने सिग्नलच्या खांबाला हार घातला.

पुढे काही आठवड्यांनी तो सिग्नल दुपारचा बंद पडू लागला. वायरमनने पेटी उघडली तर फ्यूज जागेवर नाही. पेटीचे कुलूप शाबूत, पण बिजागरीचे स्क्रू काढून परत बसवलेले. आणि फ्यूज पेटीतच खाली, सुताच्या बोळ्यात नीट गुंडाळून ठेवलेला. पंचनामा करताना मला गंमत वाटली. चोराने तांबे विकून खाल्ले असते, माथेफिरूने काचा फोडल्या असत्या. हा गडी मात्र फ्यूजला धूळ लागू नये म्हणून काळजी घेत होता.

आमच्या मोठ्या साहेबांना गंमत वाटली नाही. "सुताचा बोळा म्हणजे गिरणी कामगार. संपवाल्यांचा घातपात आहे हा," ते म्हणाले. "मला आरोपी पाहिजे."

"साहेब, गिरणी कामगार म्हटलं तर अर्धी हद्द आत घ्यावी लागेल," मी म्हणालो. साहेब हसले नाहीत. ती सवयच त्यांना नव्हती.

मी साध्या वेशात नाक्यावरच्या हॉटेलात बसू लागलो. साध्या वेशातला पोलीस बुटांवरून ओळखू येतो, हे मला माहीत होते, म्हणून चपला घातल्या. तरी वेटरने दुसऱ्याच दिवशी "साहेब, चहा?" असे विचारले. त्यामुळे फ्यूज काढणारा काही दिसला नाही. पण नाका मात्र पाहून झाला.

दुपारी रे रोडच्या वखारींतून लाकूड भरलेल्या हातगाड्या यायच्या. पूल चढायचा तर गाडीला आधीपासून वेग हवा. सिग्नल नसताना गाडीवाले लांबूनच आरोळी देत धावत येत, बाकीची वाहने वाट देत आणि गाडी एका दमात अर्धा पूल गाठायची. आता ऐन पायथ्याशी लाल दिवा लागायचा. धावत आलेली गाडी टाचा रोवून थांबवायची. हिरवा झाला की उभी गाडी चढावर हलेना. मागे बस, बसच्या मागे टॅक्सी, सगळ्यांचे भोंगे. गाडी हलेपर्यंत पुन्हा लाल. सिग्नलने रहदारी सुधारली की बिघडली, याचे उत्तर तुम्ही कुठल्या कोपऱ्यावर उभे आहात त्यावर अवलंबून होते. कोळणीला विचाराल तर सुधारली. गाडीवाल्याला विचाराल तर कानात बोटे घालायची तयारी ठेवा.

यात एका वर्गाचे मात्र बरे चालले होते. पुलाच्या तोंडाशी संपात घरी बसलेले काही कामगार उभे असत. अडलेल्या गाडीला मागून धक्का देऊन पुलावर चढवायचे आणि गाडीवाला देईल ते घ्यायचे. आम्ही त्यांना धक्केवाले म्हणायचो. त्यांतल्या एकाशी माझी ओळख झाली. मालवणकडचा, चाळिशीचा, गिरणीत वायरमन खात्यात होता. करी रोडच्या चाळीत राहायचा.

"सिग्नल आल्यापासून कसं काय?" मी विचारले.

"आमचं भलं झालं साहेब," तो म्हणाला. "आधी दहातल्या दोन गाड्या अडायच्या, आता सगळ्याच अडतात. आणि आता थोडेच दिवस हितं. गिरणीत आमचं खातं चालू होतंय, मला परत बोलावलंय. फक्त अंगावर पोलीस केस नको, असं म्हणतात."

गुन्ह्याचा फायदा कोणाला, हे आधी पाहावे, असे आम्हांला प्रशिक्षणात शिकवलेले. सिग्नल बंद पडला तर याचा तोटा. मी त्याला यादीतून तिथल्या तिथे उडवला. वायरमन असूनही.

मग पुलाजवळच्या न्हाव्याने खबर दिली. हा आमचा जुना खबऱ्या. "साताऱ्याकडचा एक हातगाडीवाला आहे. सिग्नलला रोज आईबहिणीवरून शिव्या देतो. परवा म्हणाला, एक दिवस उपटूनच टाकतो." साहेबांचा हुकूम झाला आणि आम्ही त्या गाडीवाल्याला लाकडाच्या गाडीसकट चौकीत आणला. गाडी दारात उभी राहिली, त्यामुळे आमचीच जीप आत अडकली.

"पेटी कशी उघडलीस?" मी विचारले.

"कसली पेटी? मला निस्ती गाडी कळती, साहेब."

"सिग्नलला शिव्या देत नाहीस?"

"देतो की! ववाळू व्हय त्याला? तुमी एक डाव भरली गाडी वडून बगा, तुमीबी द्याल."

तासभर उलटसुलट विचारले. स्क्रू सोडवायचा म्हटले तर कुठल्या बाजूला फिरवायचा, हेही त्याला सांगता येईना. पण साहेबांना आरोपी हवा होता आणि हा आयता बसला होता. गाडीवाला आता शिव्या द्यायचाही थांबला होता. गावाकडे कळले तर काय, एवढेच पुटपुटत होता.

इतक्यात दारावरचा शिपाई म्हणाला, कोणीतरी भेटायला आलंय. तो धक्केवाला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. जणू साक्ष द्यायला कोर्टात निघाला होता.

"त्याला सोडा साहेब. त्याने काय केलेलं नाय. पेटी मी उघडतो."

मी हसलो. मित्राला वाचवायला आलेला माणूस दिसतो असाच. म्हणून त्याला नाक्यावर नेला आणि म्हटले, दाखव. त्याने खिशातून छोटा पेचकस काढला. बिजागरी सुटली, फ्यूज बाहेर आला. मग दुसऱ्या खिशातून सुताचा बोळा काढून त्याने तो गुंडाळला. घडी तीच, जी मी पंचनाम्यात लिहिली होती.

"अरे, पण तुझं पोट तर ह्या सिग्नलवर आहे!"

"पोट आहे म्हणून किती खायचं?" तो म्हणाला. मग बोळा पेटीत ठेवून माझ्याकडे वळला. "माझ्याबरोबर एक जण धक्का मारायचा. माझ्याच खात्यातला. गाडी अर्धी चढावर नि दिवा लाल झाला. गाडीवाल्याने थांबवली, ती मागे आली. तेचो पाय चाकाखाली गेलो. त्या दिवशी तो डावीकडे होता नि मी उजवीकडे, एवढाच फरक. तेव्हापासून लाकडाच्या गाड्यांची वेळ झाली की मी फ्यूज काढतो. सिग्नल वाईट नाय साहेब. पोरांना बरा आहे. म्हणून तर मोडला नाय."

मी इकडेतिकडे पाहिले. शिपाई लांब होता. "हे बघ," मी हळू आवाजात म्हणालो, "गाडीवाल्याविरुद्ध पुरावा नाही, तो आज ना उद्या सुटेल. तू आला होतास हे मी विसरतो. घरी जा. गिरणीत रुजू हो."

"नि उद्या साहेब कोणाला आणतील?"

मी खिशातली वही चाचपली.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "फक्त पायाचं पण लिवा. ते राहता कामा नये."

मी लिहून घेतले. त्याचा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला, एकही शब्द न गाळता. गाडीवाल्याला त्याच संध्याकाळी सोडले. साहेबांना घातपाताचे कलम लावायचे होते. मी अपघाताची हकीकत आणि नाक्यावर पाहिलेले सगळे अहवालात घातले आणि हटून बसलो. नोकरीत मी फार वेळा हटून बसलेलो नाही, पण तेव्हा बसलो आणि त्याचा मला अभिमान आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जबाब वाचला, आरोपीकडे बराच वेळ पाहिले आणि समज देऊन सोडले. सिग्नलचे काम पाहणारा इंजिनीअर तरुण आणि भला होता. अहवाल मिळताच तो भर दुपारी नाक्यावर येऊन उभा राहिला. त्याने थांबायची रेघ चढापासून बरीच मागे, सपाट रस्त्यावर नेली, हातगाड्यांना डावीकडची पट्टी दिली आणि पुलाच्या बाजूच्या हिरव्या दिव्याची वेळ थोडी वाढवली. कोळणींची पाळी तशीच राहिली. तोच सिग्नल, तीच चार रस्त्यांची गर्दी, आणि सगळे सुरळीत.

गिरणीने मात्र धक्केवाल्याला परत घेतले नाही. समज असो की शिक्षा, केस ती केस, असे त्यांचे म्हणणे. मी स्वतः जाऊन बोललो, काही उपयोग झाला नाही.

गुन्ह्यात फायदा कोणाचा हे पाहावे, हा नियम मी पुढेही पाळला. नव्याण्णव वेळा तो बरोबर ठरतो. पण स्वतःचे नुकसान समोर दिसत असतानाही माणूस योग्य ते करू शकतो, हे या प्रकरणानंतर मी कधी विसरलो नाही. हाताखालच्या पोरांना मी तेच सांगत आलो.

रेघ बदलल्यावर एका दुपारी मी पुलाकडे गेलो. तो धक्केवाला तिथेच उभा होता. तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि लाकडाची एक भरली गाडी सपाटीवरून वेग घेत आली. तो साताऱ्याकडचाच गाडीवाला होता. त्याने याला पाहून मोठ्याने हाळी दिली, पण थांबला नाही. सवयीने हा दोन्ही हात पुढे करून तिच्यामागे धावला. गाडी त्याच्या हातांच्या पुढे निघून गेली आणि एका दमात वर पोचली.

तो धापा टाकत परत आला. "चढली बघा साहेब," तो म्हणाला, "कोणाचा हात लागला नाय." आणि तोंड भरून हसला.