जपानी नाना आणि त्यांचा चालणारा शिपाई

जपानी नाना पुस्तक मागून उघडायचे. पंचांग असो, पोथी असो की माझ्या शाळेचं हजेरीबुक, शेवटचं पान आधी. एकदा लग्नपत्रिकाही त्यांनी खालून वाचायला घेतली. 'कृपया आहेर आणू नये' हे आधी वाचलं, लग्नाला जायचं पक्कं केलं आणि मग लग्न कोणाचं ते पाहिलं.

ही सवय त्यांना जपानात लागली. महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर ते दीड वर्ष तिकडे होते. तिथल्या एका स्टेशनाबाहेर एक म्हातारा लाल वेष्टनाची पातळ चित्रकथांची पुस्तकं घेऊन बसायचा आणि पोरं भोवती उकिडवी बसून वाचायची. नानाही त्यांच्यात जाऊन बसू लागले. "अक्षर एक कळंना बाई," ते मला सांगत, "पर एका पानावर माजं डोळं भरलं. तवाच म्हणलं, गड्या, ह्ये लय भारी काम हाय. पेन्शनीत जाऊन आपुन ह्येच करायचं." तसली सात पुस्तकं त्यांनी ट्रंकेतून कडेगावात आणली. ती सगळी उजवीकडून उघडायची, त्यामुळे चित्रांची गोष्ट अशीच असते, याबद्दल नानांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती.

मी वाईची. कडेगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक झाली तेव्हा नानांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. तोवर हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या नानांनी ऊस मुलांच्या हवाली करून शाई, टाक आणि जाड कागद आणले होते. पात्रांच्या तोंडचं बोलणं चित्रात ज्या गोलात लिहितात, त्याला ते 'फुगा' म्हणत. फुग्यातलं शुद्धलेखन माझ्याकडे आलं. मी दोन शब्द जास्त लिहिले की ओरडत, "बाई, फुगा फुटंल! चित्र बोलतंय, तुमी गप ऱ्हावा."

चित्रं मात्र खरंच बोलायची. फक्त हात त्यांना जमत नसत. म्हणून त्यांचे पुरुष हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि बायका पदराखाली झाकून घेत. एका पानावर तर दरोडेखोरही हात पाठीमागे घेऊन दरोडा घालायला आला होता.

सांगलीच्या एका साप्ताहिकाने आठवड्याला एक पान द्यायचं कबूल केलं. पहिलं पान नानांनी अर्थात जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे काढलं. लोकांनी ते मराठी पद्धतीने वाचलं. त्यामुळे गोष्टीतला शिपाई आधी विहिरीतून ओलाचिंब बाहेर आला, मग विहिरीत पडला आणि शेवटी काठावर उभा राहून आत डोकावू लागला. संपादकांचं खरमरीत पत्र आलं. "लोकास्नी वाचाया येत न्हाई, त्येला मी काय करू?" असं म्हणत नानांनी गोष्ट एकदाची सरळ केली.

गोष्ट साधी होती. लढाईत पलटणीपासून चुकलेला एक शिपाई पायी घरी, कडेगावला निघालाय. बस. तो चालतो, झाडाखाली बसतो, कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी खातो, पुन्हा चालतो. पानभर नुसती वाट, एक कावळा आणि शिपायाची पाठ. तरी लोक पान उघडायचे.

शुक्रवारी सांगलीच्या एसटीने अंक यायचे. सगळ्यांत आधी नानांकडे यायची आक्काताई. मागच्या गल्लीतली, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईवर गेला आणि 'बेपत्ता' अशी तार आली. त्यानंतर काहीच आलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण या पानाला वाचायची गरजच नव्हती. दारातूनच विचारायची, "नाना, पोचला का?"

"न्हाई अजून. नदी लागलीया," नाना सांगत.

शिपाई साताऱ्याकडच्या खंडाळ्यापर्यंत बरा आला. पुढे मात्र त्याची चाल मंदावली. घाटात त्याने सात आठवडे काढले. मग साताऱ्याची सरळ वाट सोडून वाईकडे वळला आणि कृष्णेच्या घाटावर तीन आठवडे आंघोळ करत बसला. मी म्हटलं, "नाना, हा घरी निघालाय की तीर्थयात्रेला?"

"तुमचं गाव बघू द्या की जरा."

वाचक वैतागले. एकाने एसटीचं वेळापत्रक पाठवलं आणि खाली लिहिलं, 'शिपायाला द्यावे.' संपादक लिहीत, "एक तर पोचवा, नाही तर मारा." नाना पत्र शेवटून वाचत, 'आपला स्नेहाभिलाषी' एवढंच मनावर घेत आणि शिपायाला आणखी एका चिंचेखाली बसवत.

दोन वर्षांनी शेवटचं पत्र आलं. आणखी दोन पानं छापू, मग मुंबईहून तयार मालिका येणार. त्या दिवशी नाना टाक हातात घेऊन नुसते बसले होते. मीच विचारलं, "आता काय करणार?"

"बाई, ह्यो पोचला, तर आक्काताई म्हनंल, माजाच का न्हाई? आन मारला, तर..." त्यांनी टाक दौतीत ठेवला. "चालतोय तवर बरं हुतं."

मला तेव्हा कुठे कळलं की दोन वर्षं मी नको त्या गोष्टीची थट्टा करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन आक्काताईकडे गेले. ती गोठ्यापुढे वैरण तोडत होती. नाना म्हणाले, "आक्काताई, दोनच पानं उरल्यात. शिपायाचं काय करू?"

तिने विळा खाली ठेवला. "तुमी माज्यासाठी त्येला फिरवताय, व्हय?"

पलटणीत सुभेदारापुढेही मान खाली न घातलेले नाना पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

"आवं, मला काय कळंना व्हय? खंडाळ्यास्नं कडेगावला याया कुनाला वरीस लागतंय?" ती हसली. मग हसू ओसरलं. "पोचवा त्येला. त्येची बी बायकू वाट बघत आसंल. कुनाचा तरी पोचू द्या."

नानांनी पोचवला. शेवटच्या पानावर एकही फुगा नव्हता. कलती दुपार, अंगण, पाठमोरी बसून धान्य पाखडणारी बायको, आणि मागून तिच्या सुपापर्यंत आलेली एक सावली. ती मान वळवते आहे, तिथे गोष्ट संपली. आक्काताईने ते पान गुडघ्यावर ठेवून बराच वेळ पाहिलं आणि घडी घालून घेऊन गेली.

चार दिवसांनी ती माझ्या खोलीवर आली. हातात सरकारी कागद होता, घड्यांवर फाटत आलेला. लढाईत गेलेल्यांच्या बायकांना मिळणाऱ्या पेन्शनचा अर्ज. तलाठी तिच्या दारी येऊन थकले होते. नवऱ्याच्या नावामागे 'कैलासवासी' लिहावं लागतं, म्हणून तिने कधी अंगठा उठवला नव्हता.

"भरा बाई," ती म्हणाली.

मी नाव लिहायला घेतलं आणि माझा हात थांबला. शेजारी नाना साक्षीदार म्हणून बसले होते.

"लिवा," आक्काताई म्हणाली. "लय चालला त्यो. आता बसू द्या."

मी लिहिलं. नानांनी खाली सही केली, टोपी सारखी केली आणि आम्हा दोघींकडे न बघता बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. पुढे त्यांनी दुसरी गोष्ट काढली नाही.