कचऱ्यासारखं दिसणारं घरटं

फोन शालनताईंचा होता. शालनताई म्हणजे माझी मोठी नणंद. वाढल्या बदलापुरात आणि लग्न करून गेल्या त्या थेट सिंधुदुर्गातल्या एका वाळूच्या दांड्यावर. दांडा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली लांबट, चिंचोळी वाळूची पट्टी. तिथे गाडी जात नाही, होडीनेच जायचं. इतक्या वर्षांत त्यांची भाषाही तिकडचीच झाली आहे.

"मीना, तुझो तो रविवारचो ग्रुप घेऊन ये," त्या म्हणाल्या. "सोमवारी सायब येतले. किनारो साफ दिसाक होयो."

ग्रुप म्हणजे मुख्यतः बदलापूरच्या मांजर्लीत नदीजवळ राहणारे आम्ही काही जण. उल्हास नदीचं पाणी एकदा सोसायटीत शिरून गेलं की काठावर काय काय अडकून राहतं ते आम्हाला तोंडपाठ आहे. बाभळीच्या फांद्या, त्यांत गुंतलेल्या पिशव्या, फाटकी जाळी, चपला. रविवारी हातमोजे घालून आम्ही ते काढतो. सवयीने आता आमचे हात विचार न करता चालतात. हे मला तेव्हा कौतुकाचं वाटायचं.

साहेब येणार होते ते वेगळ्या कारणासाठी. दांड्याच्या उत्तर टोकाची सुरूची झाडं काढून, वाळू सपाट करून तिथे पर्यटकांसाठी जेट्टी आणि तंबू उभारायचा प्रस्ताव आहे. सोबतच्या अहवालात लिहिलं होतं की या किनाऱ्यावर कासवं अंडी घालत नाहीत. गावाने हरकत घेतली होती आणि ती तपासायला अधिकारी येणार होते. यंदाच्या हंगामात तिथे तीन घरटी झाली. दोनमधली पिल्लं समुद्रात गेली, एक उरलं होतं. आधीच्या पिल्लांचे फोटो दाखवले असते तर ते कुठल्याही किनाऱ्याचे असू शकतात, असं कुणीही म्हणालं असतं. म्हणून उरलेल्या घरट्यातून पिल्लं निघायच्या सुमाराचीच तारीख शालनताईंनी मागून घेतली होती.

दोन दिवसांची रजा टाकली. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. "माझ्या वाटणीचे घावणे खा," एवढाच निरोप त्याने बहिणीला पाठवला.

शनिवारी उजाडायच्या आत टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. चिखलोलीहून दोघांना घेतलं, उल्हासनगर कॅम्प चारमधून वाधवानीकाका आदल्या संध्याकाळीच बदलापूरला मुक्कामाला आले होते. त्यांचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि ग्रुपमध्ये फोटो काढायचं काम त्यांचं. कर्जत, खोपोली, पेण करत गोवा महामार्गाला लागलो. रस्ता आता बराच बरा आहे, पण मधेच एखादा पूल अर्धवट आणि वळण दगडगोट्यांतून, हे गृहीत धरा. नऊ तास म्हणून निघालात तर बारा धरा. महाडच्या पुढे मिसळ खाल्ली, ती जेमतेम. माणशी खर्च साधारण रेल्वेच्या एसी तिकिटाएवढा आला. दोघे-तिघेच असाल तर सरळ कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे रिक्षा मिळते.

खाडीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शालनताईंचे यजमान, आमचे भावोजी, होडी घेऊन उभे होते. त्यांनी आमचे चेहरे पाहिले.

"पाण्याक भिया नको. तुमच्याकडे पाणी घरात येता, आमच्याकडे घर पाण्यात असा. एवढोच फरक."

"साईं, आमच्याकडे बिल पण येतं पाण्याचं," वाधवानीकाका म्हणाले. दोघांचं तिथेच जमलं.

रविवारी सकाळी शालनताई चुलीपाशी असतानाच आम्ही किनाऱ्यावर गेलो. एका बाजूला शांत, हिरवट खाडी, दुसऱ्या बाजूला लाटांचा आवाज, आणि मधे चालत गेलं तर शे-दोनशे पावलांत संपणारी जमीन. पायाखाली मर्यादवेल पसरलेली, जांभळी फुलं उघडलेली. ही वेल वाळू धरून ठेवते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सगळ्यांना बजावलं की वेलीला हात लावायचा नाही. एवढी काळजी घेतली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

उत्तर टोकाला सुरूच्या अलीकडे काट्याकुट्यांचा एक ढीग होता. वाळक्या बोरीच्या फांद्या, त्यांत फाटकं नायलॉनचं जाळं, एक फुटका ड्रम. पाहताक्षणी मांजर्ली आठवली. आम्ही चार-पाच जण त्यावर तुटून पडलो. जाळं सोडवताना हात खरचटले. सगळं ओढून गोणीत भरलं आणि खालची वाळू दाताळ्याने सारखी केली. एवढी स्वच्छ वाळू मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

शालनताई न्याहारीचं टोपलं घेऊन आल्या. घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. दुरूनच त्या थबकल्या.

"थयसर काट्यांचो ढीग होतो. खय गेलो?"

"काढला ताई," मी म्हणाले. "फार अडकलं होतं त्यात. पण निघालं सगळं."

त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "अगो, त्येच्याखाली घरटा होता."

मला वाटत होतं की घरटं म्हणजे हिरवी जाळी, बांबूचं कुंपण आणि पाटी. बातम्यांतल्या फोटोंत तसंच असतं.

"गेल्या वर्षी केलंव तसा," शालनताई म्हणाल्या. "कुंपण घातला, पाटी लावली. पाटी वाचून लोक वाळू उकरून बघूक लागले, आणि त्यांच्या मागसून कुत्रे. म्हणून यंदा ठरवला, कचरो दिसाक होयो. कचऱ्याकडे कोण बघता?"

"आम्ही बघतो," वाधवानीकाका हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात भावोजी आले. "ह्यांका सांगूक नाय तू?"

"माका वाटला तुम्ही होडीत सांगितलास."

"माका वाटला तू जेवताना सांगितलंस."

घरटं नेमकं कुठे, यावर दोघांचं एकमत होईना. ताई दाखवत होत्या ती जागा आणि भावोजींची जागा यांत एक खोली मावली असती. ढीग हीच खूण होती, दुसरी कुणी ठेवलीच नव्हती. उकरून शोधायचं म्हटलं तर आत पिल्लं बाहेर यायच्या तयारीत. नुसतं चालायचीही भीती. आम्ही जिथे होतो तिथेच उभे राहिलो, जसे काही खेळात पुतळे झालो होतो. उद्या साहेब येणार आणि गाव त्यांना सपाट, सुरेख, रिकामी वाळू दाखवणार. अहवालात लिहिली होती तशीच. आणि ती तशी करून ठेवली होती आम्ही.

मी माफी मागायला लागले तर ताई म्हणाल्या, "ता मगे. आधी पाय उचल, थय उभी रव नको."

मग वाधवानीकाकांनी खिशातून फोन काढला. "मॅडम, फोटो आहेत ना. आधीचा, नंतरचा. तुम्ही लोक हसता माझ्यावर."

काम सुरू करण्याआधी फोटो काढल्याशिवाय ते कुणाला गोणी देत नाहीत. त्या ढिगाचे त्यांनी दोन काढले होते, एक समुद्राकडून आणि एक दांड्याच्या टोकाकडून. पहिल्या फोटोत ढिगाच्या बरोबर मागे दोन फाटे फुटलेला सुरू होता आणि त्याच्या बेचक्यातून खाडीपलीकडचा मोबाइलचा टॉवर दिसत होता. दुसऱ्यात ढिगाच्या मागे एक पालथी होडी आणि तिच्या बरोबर मागे एकटा माड.

"होडी हलवलेली नाही ना?" मी विचारलं.

"ती माझ्या बापाशीन पालथी घातल्यान," भावोजी म्हणाले. "आता ती हलूची नाय."

काकांचा फोन हातात धरून भावोजी ओल्या वाळूतून मागे मागे गेले. बेचक्यात टॉवर आला तिथे थांबले. तिथून सुरूपर्यंत एक रेषा, दुसरीकडून होडी आणि माड जुळवून एक. दोन्ही जिथे मिळाल्या ती जागा ताईंचीही नव्हती आणि भावोजींचीही. मधली होती. आम्ही दुरूनच काठी लांबवून तिथे चार काटक्या ठेवल्या आणि पुन्हा वर बोरीच्या फांद्या रचल्या, या वेळी विरळ. गार झालेले घावणे मग कुणी फारसे खाल्ले नाहीत.

दुपारभर माझं एकच चाललं होतं. फोटो वाकडा धरला असेल तर? काकांची उंची वेगळी, भावोजींची वेगळी. कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही हे माझं रोजचं काम. ते मी तिथे सगळ्यांना ऐकवलं. भावोजी म्हणाले, "वैनीनू, सोलकढी पिया. ती तरी एकदाच मोजलेली असा."

सोमवारी पहाटे ताईंनी मला हलवून उठवलं. किनाऱ्यावर गेलो तर चार काटक्यांच्या आत वाळू खचली होती. बशीएवढा उथळ खळगा. खाली पिल्लं हलायला लागली की वरची वाळू अशी बसते. ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दोघींनाही हसू येत होतं आणि दोघी ते दाबत होतो, कारण अजून काहीच झालं नव्हतं.

साहेब सकाळीच आले. माणूस शांत, सभ्य. सगळं ऐकून घेतलं, खळग्याजवळ बसले.

"असा खळगा खेकड्यामुळेही होतो. थोडं उकरून दाखवता का?"

"नाय," ताई म्हणाल्या. "उकरूक देवचंय नाय."

"मग मी काय लिहू, बाई? वाळू खचलेली दिसली?"

"संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन उतरल्यार येतली."

"मला दुपारी परत जायला हवं."

तेव्हा भावोजी पुढे झाले. जेवल्याशिवाय आमच्याकडून कुणी जात नाही म्हणाले. बांगडा तळेपर्यंत वेळ गेला, मग तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आलं, मग भात, मग आणखी भात. साहेब हात धुऊन होडीकडे गेले तर ओहोटीने खाडी पार मागे हटलेली, होडी चिखलात बसलेली.

"भरती येयसर थांबूक होया," भावोजी म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं."

"ओहोटी रोज येता, सायबानू. मी तेका काय फोन करतंय?"

मला ते आवडलं नाही, निदान आवडू नये असं वाटलं. तपासायला आलेल्या माणसाला भात वाढून अडकवणं बरोबर का? मी ताईंना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "अहवाल लिहिणारो एक तास थांबलो असतो तर आमका बांगडे तळूचे लागले नसते." खरं सांगायचं तर साहेब थांबले याचा आनंद शंकेपेक्षा मोठा होता.

ऊन कलल्यावर सगळे लांब बसलो, समुद्राकडची वाट मोकळी ठेवून. साहेब थोडे वैतागलेले, सारखं घड्याळ बघत. मग खळग्यातली वाळू उकळल्यासारखी हलली. एक काळं नाक. शेजारी दुसरं. आणि एकदम सगळी, एकमेकांच्या पाठीवरून, ओली पानं उलटीपालटी व्हावीत तशी बाहेर. प्रत्येक पिल्लू थोडं थांबे, आणि मग कुणी हाक मारल्यासारखं पाण्याकडे. वाधवानीकाका फोटो काढायचे विसरले. साहेबांनी बूट काढून हातात घेतले होते, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. पहिली लाट आली, काही पिल्लं उलटी झाली, सरळ झाली, दुसऱ्या लाटेत दिसेनाशी झाली.

ताई वाळूत फतकल मारून बसल्या होत्या. "गेली गो," एवढंच म्हणाल्या.

भरती आली. भावोजींनी साहेबांना पलीकडे सोडलं. मंगळवारी आम्ही निघालो.

जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. राहणं-जेवण घरगुती आणि परवडणारं. खाडी ओलांडायची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर साहेबांसारखं होईल. गावाचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही, ताईंनी तशी विनंती केली आहे. पण अशी कासवांची गावं किनाऱ्यावर बरीच आहेत. कुठेही गेलात तरी साफसफाईला हात घालण्याआधी गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या. आम्ही मदत करून आलो असं मी घरी सांगितलं नाही. आमच्या हातून जे होणार होतं ते झालं नाही, इतकंच घेऊन आले. तेही बरंच आहे असं वाटतं. ताईंचं म्हणणं की चूक त्यांची, सांगायला हवं होतं. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला होडीतून उतरताच सांगायचं, आणि ते काम भावोजींवर न सोडता स्वतः करायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुपारी ताईंचा फोन आला. मी कामावर होते, अंबरनाथला. पाहणीचा शेरा गावाला मिळाला होता. प्रस्ताव अजून रद्द झालेला नाही, सुनावणी व्हायची आहे. पण उत्तर टोकाला हात लावायचा नाही, असं तोवर ठरलं आहे. एरवी ताई सरकारी कागद वाचताना अडखळतात. हे वाक्य त्यांनी न थांबता वाचलं, "कासवाची पिल्ले घरट्यातून निघून समुद्राकडे जाताना प्रत्यक्ष पाहिली." मग स्वतःहूनच पुन्हा वाचलं.

तिसऱ्या वेळेला मीच म्हणाले, "ताई, अजून एकदा वाचा."